लिलावांतून आलेली स्पोर्ट्स मोटार

दिंडोरीच्या द्राक्षबागांनीं घरांत चार पैसे आणले, आणि तरुण मंडळींचें लक्ष वेगवान मोटारींकडे वळलें, यांत आम्हांस वावगें दिसत नाहीं. परंतु जी स्पोर्ट्स मोटार एकदां लिलावांत विकली गेली आणि आतां दुसऱ्या हातून आपणांकडे येत आहे, तिच्या रंगरूपाआधीं वडील मंडळींनीं कागद पाहावे, अशी आमची विनंति आहे.

2019 च्या एप्रिलांत अंमलबजावणी संचालनालयानें नीरव मोदी यांच्या जप्त मोटारी लिलावांत काढल्या, त्यांत पोर्शे पानामेराहि होती. लिलावांतली मोटार बहुधा ‘आहे त्या स्थितींत’ विकली जाते. मागाहून इंजिन कुरकुरलें तर दाद मागावयास जागा उरत नाहीं.

लिलावांत घेणारानें ताबा मिळाल्यापासून 30 दिवसांत नमुना 32 भरून मोटार आपल्या नांवावर करण्यासाठीं अर्ज करावा, असा 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांचा दंडक आहे. हा टप्पा गाळून नुसत्या कोऱ्या सह्यांवर विकणारा दलाल भेटला, तर लाखों रुपये मोजूनहि दप्तरीं मालक जुनाच राहतो, आणि आपल्या हातीं किल्ली तेवढी येते. कर्ज देणाऱ्या बँकेचा बोजा उतरल्याची नोंदहि नाशिकच्या परिवहन कचेरींत पाहावी, चासीवरचा क्रमांक ताडून घ्यावा. बागेच्या वाटेवर तिचें बूड घासेल, तें निराळेंच!