स्टेशनापलीकडचे पनवेल

सुकापुरातल्या कुठल्याही नव्या इमारतीचे माहितीपत्रक उघडा, आत एक नकाशा असतोच. त्यातली अंतरे बिल्डरच्या सोयीने आखडलेली असतात. पनवेल स्टेशन पाच मिनिटांवर, विमानतळ पंधरावर आणि कर्जतची लोकल जणू कंपाउंडच्या भिंतीला लागून. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली अशी पत्रके कुणी फाइल लावून ठेवली असती, तर मुंबई महानगराच्या रेल्वे-मेट्रो आराखड्यांचे त्याहून चांगले दप्तर मिळाले नसते. कोणता मार्ग कधी जाहीर झाला, कोणता गाजावाजा न होता यादीतून गळला, हे सगळे त्यात सापडले असते. सरकारी अहवालात गळलेल्या मार्गांचा उल्लेख फारसा नसतो. जाहिरातीत मात्र ते पुढची दोन-तीन वर्षे तग धरून असतात.

सुकापूर न्यू पनवेलला लागून, नेऱ्याकडे जाणाऱ्या माथेरान रोडवर. महसुली दप्तरात ते पाली-देवद. पनवेल स्टेशनात उतरून न्यू पनवेलच्या बाजूला आले की शेअर रिक्षावाल्यांची आरोळी ऐकू येते, ‘सुकापूर, सुकापूर, आदई!’ मागे तीन बसले तरी रिक्षा हलत नाही. चौथा ड्रायव्हरशेजारी अर्ध्या मांडीवर टेकला की मगच गिअर पडतो. सीएसएमटीहून सव्वा तासाहून अधिक उभे-बसे करून आलेल्या माणसाच्या दिवसातला हा शेवटचा टप्पा. कुठल्याही आराखड्यात तो रेघ म्हणूनही उमटलेला नाही, आणि माझ्या मते गेल्या साठ वर्षांच्या वादातली खरी गोम तिथेच आहे.

पनवेलला रेल्वे आली ती 1960च्या दशकात, दिव्याकडून. ती मुंबईच्या नोकरदारासाठी नव्हतीच. मुंबईला जायचे म्हणजे एसटी, आणि 1973 मध्ये वाशीचा खाडीपूल झाल्यावर तीच एसटी थोडी लवकर. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970ची. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 मध्ये मांडलेल्या जुळ्या शहराच्या कल्पनेतून ती जन्मली. आराखड्यात वसाहती रेल्वेमार्गावर मण्यांसारख्या ओवलेल्या होत्या. मणी तयार झाले, दोरा मात्र वीस वर्षे आला नाही. रेल्वेचे म्हणणे होते, आधी प्रवासी दाखवा. सिडकोचे म्हणणे, आधी गाडी आणा, मग माणसे येतील. दोघांचेही खरे होते, म्हणून गाडे अडून राहिले.

ते सुटले ते पैशाच्या एका वाटणीने. मानखुर्द-बेलापूर मार्गाच्या खर्चाचा दोन तृतीयांश, म्हणजे 67 टक्के, वाटा सिडकोने उचलला आणि रेल्वेने 33. देशात रेल्वेचा खर्च कुणा शहर वसवणाऱ्या संस्थेने एवढ्या प्रमाणात उचलल्याची उदाहरणे तेव्हा शोधूनच काढावी लागली असती. 9 मे 1992 रोजी लोकल वाशीला पोचली, पुढच्या वर्षी बेलापूरला आणि 1998 मध्ये पनवेलला. त्याच 1998च्या जानेवारीत कोकण रेल्वेही पूर्ण झाली, आणि तालुक्याचे ठिकाण असलेले पनवेल एका वर्षात जंक्शन म्हणून मिरवू लागले. वाशी-बेलापूरच्या स्टेशनांवर भल्यामोठ्या व्यापारी इमारती दिसतात, त्याही याच हिशोबातल्या. जमीन सिडकोची, तिची किंमत गाडीमुळे वाढणार, त्या वाढीतून गाडीचा खर्च निघणार. उरलेला भार तिकिटावरच्या अधिभारातून प्रवाशाच्या खिशावर पडलाच.

हा हिशोब सांगताना त्याची पहिली ओळ गाळायची पद्धत आहे. ती जमीन सिडकोकडे आली कुठून? ठाणे, उरण आणि पनवेल तालुक्यांतल्या 95 गावांतून. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासईच्या परिसरात झालेल्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांचा गोळीबारात बळी गेला. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व त्या लढ्याने मिळवले. म्हणजे वाशी-पनवेल लोकलचा पहिला हप्ता आगरी-कोळी शेतकऱ्याने भरला, सिडकोने नंतर.

पनवेलपर्यंतची गाडी ज्या गणिताने आली ते गणित स्टेशनाच्या पूर्वेला न्यू पनवेलपर्यंत लागू होते, कारण ती सिडकोची वसाहत. पुढे सुकापूर. इथे जमीन शेतकऱ्याची, विकत घेणारा बिल्डर आणि परवानगी देणारी ग्रामपंचायत किंवा कलेक्टर कचेरी. 1998 नंतर भाव चढले ते त्याच लोकलमुळे, पण चढलेल्या भावातला एक रुपयाही पुढच्या रुळासाठी किंवा बससाठी बाजूला पडला नाही. पडणार तरी कोणाच्या खात्यात? 2013 मध्ये विमानतळ प्रभावित क्षेत्र, म्हणजे ‘नैना’, जाहीर झाले आणि सिडकोला नियोजनाचे अधिकार मिळाले. पाली-देवद, विचुंबे, आदई, आकुर्ली, नेरे अशा 23 गावांचा पहिला विकास आराखडा 2017 मध्ये मंजूर झाला. तोवर सुकापुरात इमारती उभ्या राहिल्या होत्या. सात मजली इमारतीसमोर दोन रिक्षा शेजारून जाणार नाहीत अशा गल्ल्या होत्या, आणि आराखड्यातला रुंद रस्ता कुणाच्या तरी पार्किंगमधून जात होता. ऑक्टोबर 2016 मध्ये पनवेल महापालिका झाली ती 29 गावे घेऊन. नैनातली ही गावे तिच्या हद्दीबाहेरच राहिली.

दरम्यान मोठे वाद वर चालू होते. फेब्रुवारी 2016च्या रेल्वे अर्थसंकल्पात रेल्वेमंत्री सुरेश प्रभूंनी सीएसएमटी-पनवेल उन्नत जलद मार्ग जाहीर केला. पनवेलची लोकल ज्या हार्बर मार्गावर धावते त्यावर जलद लोकलच नाही, त्यामुळे आनंद स्वाभाविक होता. सुकापूरच्या पत्रकांत हा मार्ग लगेच दाखल झाला. मार्च 2019 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाचा 3अ टप्पा (एमयूटीपी-3अ) मंजूर केला तेव्हा त्यात तो नव्हता. गोरेगाव-बोरिवली हार्बर होती, कल्याण-बदलापूरची तिसरी-चौथी मार्गिका होती, वातानुकूलित गाड्या होत्या. पनवेलची जलद गाडी कुठे गेली, असे विचारणारे काही दिवस विचारत राहिले.

2018 मध्ये तर मुंबई-पुणे हायपरलूपचा करार झाला. राज्याने 2019 मध्ये त्याला सार्वजनिक पायाभूत प्रकल्पाचा दर्जाही देऊन टाकला. नळीतून पंचवीस मिनिटांत पुणे. ज्या कंपनीवर ही मदार होती तिने 2023च्या अखेरीस गाशा गुंडाळला. यावर हसायला हरकत नाही, पण ज्या वर्षी हा दर्जा दिला गेला त्या वर्षी नवी मुंबई मेट्रोचा पहिला मार्ग बांधून पुरा व्हायचा होता. त्या 11 स्टेशनांच्या 11.1 किलोमीटरचे भूमिपूजन 1 मे 2011चे. बेलापूर ते पेंधर गाडी धावली 17 नोव्हेंबर 2023 रोजी, तीही उद्घाटनाच्या समारंभाची वाट पाहून पाहून अखेर समारंभाविनाच. खांदेश्वर आणि विमानतळाकडचे पुढचे टप्पे कागदावर. विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले, 25 डिसेंबरपासून विमाने उडू लागली. माणूस विमानतळावर मेट्रोने यायचा होता, तो टॅक्सीने आला. 2024च्या जानेवारीत खुला झालेला अटल सेतूही तसाच: एका टप्प्यावर त्यावर मेट्रोची चर्चा होती, उभा राहिला तो सहा पदरी रस्ता.

या गोंगाटात जे काम खरोखर जमिनीवर दिसते ते पनवेल-कर्जतचे. या वाटेवर एकेरी मार्ग आधीपासून आहे, त्यावरून मालगाड्या आणि मोजक्या लांब पल्ल्याच्या गाड्या जातात. शेजारून लोकलसाठी नवा दुहेरी मार्ग, लांबी 29.6 किलोमीटर, खर्चाचा अंदाज 2,782 कोटी रुपये. डिसेंबर 2016 मध्ये मंजूर झालेल्या एमयूटीपी-3 मधला हा प्रकल्प. खर्च रेल्वे आणि राज्य यांच्यात निम्मा-निम्मा, आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेचे कर्ज जोडीला. तीन बोगदे आहेत: नढाळचा 219 मीटरचा, किरवलीचा 300 मीटरचा आणि वावर्ल्याचा 2,625 मीटरचा. 1916 पासून मुंबईकर पारसिकच्या बोगद्याला लांब म्हणत आला, वावर्ल्याचा त्याच्या जवळपास दुप्पट. डोंगर फोडण्याचे काम सर्वांत अवघड म्हणून त्याची धास्ती होती, प्रत्यक्षात बोगदे पार पडले आणि डिसेंबर 2025ची मुदत मात्र हुकलीच.

या मार्गावर स्टेशने पाच: पनवेल, चिखले, मोहोपे, चौक, कर्जत. सरासरी काढली तर दोन स्टेशनांत सात किलोमीटरहून जास्त अंतर. याउलट पनवेलहून बेलापूरकडे जाताना दहा-एक किलोमीटरात खांदेश्वर, मानसरोवर, खारघर अशी तीन स्टेशने लागतात, कारण तिथे वस्ती कुठे बसवायची हे आधी ठरले आणि स्टेशन त्याच हाताने आखले गेले. कर्जतच्या मार्गावर रेल्वेने रूळ आखले, वस्ती बिल्डरने. पनवेल सोडल्यावर पहिला थांबा थेट चिखले. विचुंबे, उसर्ली, देवद, सुकापूर या सगळ्या पट्ट्यातला प्रवासी गाडी धरायला उलटा पनवेललाच येणार. जास्त थांबे घातले तर कर्जतवाल्याचा वेळ वाढतो, हा आक्षेप मला पटतो. म्हणूनच मला इथे नव्या स्टेशनाच्या मागणीपेक्षा माथेरान रोडवरून दर दहा मिनिटांनी सुटणाऱ्या बसची मागणी जास्त शहाणपणाची वाटते. पण बससाठी भूमिपूजन करता येत नाही.

नैनातल्या नगररचना योजनांत शेतकऱ्याला 40 टक्के विकसित भूखंड परत आणि 60 टक्के रस्ते-सुविधांना, असे सूत्र आहे. त्याला विरोध झाला, मोर्चे निघाले. 1984 विसरलेला नाही अशा तालुक्यात ते व्हायचेच. तरीही चौक आणि मोहोप्याच्या बाजूला आज शेते उरलेली आहेत तोवर स्टेशनाला जाणारे रस्ते, बसडेपोची जागा, रिक्षातळ हे आखून घेणे शक्य आहे. सुकापुरात ती वेळ निघून गेली. तिथे रस्ता रुंद करायचा तर कुणाची तरी बाल्कनी पाडावी लागते.

पुढचा वाद आता वेळापत्रकाचा. पनवेल हे हार्बरचे टोक आहे. सुकापूरच्या माणसाला अर्ध्या मांडीवर बसून स्टेशन गाठावे लागले, तरी तिथून पुढे खिडकी नाही तरी बसायला जागा मिळते, कारण गाडी तिथूनच सुटते. सव्वा तासाचा संथ प्रवास तो या एका सवलतीवर निभावून नेतो. त्याच्या लेखी जलद मार्गापेक्षा ही जागा मोलाची आहे. कर्जतच्या गाड्या पनवेलला संपल्या तर ती टिकेल. त्या थेट मुंबईपर्यंत सोडल्या, तर सकाळी सात-आठला त्या पनवेलला भरूनच येतील आणि पनवेलकर कामोठ्या-खारघरवाल्यांच्या रांगेत दांडीला लटकेल. कर्जतच्या प्रवाशाला थेट गाडीच हवी आहे, आणि कल्याणचा वळसा टाळायचा तर त्याची मागणी रास्तच आहे. तेव्हा पनवेलहून सुटणाऱ्या गाड्या आज आहेत तेवढ्याच राहतील आणि कर्जतच्या गाड्या त्यात भर म्हणून येतील, हे लेखी मागून घ्यायला हवे. एकदा वेळापत्रक छापले की त्यातली गाडी परत मिळवणे नवा मार्ग मंजूर करून घेण्याइतकेच जिकिरीचे असते.