उलट वाचावयाची पुस्तिका

ब्रिटनमध्ये १९४० च्या ऑक्टोबरात जो खरेदीकर बसविण्यात आला तो युद्धकालीन निकड म्हणून आला खरा, परंतु युद्ध संपल्यावरही त्याचा अंमल चालूच राहिला. आणि १९५७ च्या सुमारास मोटारींवर त्याचा दर ६० टक्के इतका जबर होता की, बेताच्या मिळकतीच्या तरुणाने नव्या स्पोर्ट्स कारचे नाव काढणेही व्यर्थ होते. तथापि याच कायद्यात एक मुभा होती. मोटार सुट्या भागांच्या रूपाने विकली, तर तिच्यावर हा कर पडत नसे. मात्र जोडणी खरीददाराने स्वतः करावी आणि जोडणीच्या सूचना भागांसोबत देऊ नयेत, असा निर्बंध होता.

कॉलिन चॅपमन या अभियंत्याला ही मुभा फार मोलाची वाटली असली पाहिजे, कारण १९४८ साली लंडनच्या मस्वेल हिल भागात, भावी पत्नीच्या माहेरघरामागील गॅरेजात, जुन्या ऑस्टिन सेव्हनवर पहिली गाडी त्याने स्वतःच घडविली होती. १९५७ साली त्याच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ ही मोटार आणली आणि ती सुट्या भागांतही विकावयास काढली. जोडणीच्या सूचनांना मज्जाव होता, पण मोटार कशी सोडवावी हे सांगण्यास कायद्याची हरकत नव्हती. म्हणून सोबत सोडवणुकीची पुस्तिका दिली जाई आणि ती शेवटच्या पानापासून पहिल्या पानाकडे वाचीत खरीददार मोटार उभी करी. मला या पुस्तिकेचे अगत्य वाटते ते तिच्यातील चातुर्यामुळे नव्हे. जी वस्तू कशी सुटते हे ज्याला कळले, त्याला ती कशी टिकते हेही कळते, आणि हे ज्ञान तयार मोटारीच्या धन्याला सहसा लाभत नाही.

चॅपमनचे शिक्षण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, तेही बांधकामाच्या अभियांत्रिकीचे; म्हणून सेव्हनचा सांगाडा एखाद्या रेल्वेपुलासारखा पोलादी नळ्यांच्या त्रिकोणांनी बांधलेला होता. चौकोन दाबाखाली तिरका होतो, त्रिकोण होत नाही; भार नळीला वाकवीत नाही, तिच्या लांबीच्या दिशेने केवळ ताण किंवा दाब म्हणून वाहतो, आणि त्यामुळे बारीक, हलक्या नळ्याही पुरतात. वर ॲल्युमिनियमचे पत्रे, आत फोर्डचे ११७२ सी.सी.चे साधे इंजिन, आणि साऱ्या मोटारीचे वजन जेमतेम अर्धा टन.

गॅरेजात मात्र हे शास्त्र हाताच्या कामात उतरावे लागते. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र जोडून, साखळीला टांगून, पुढला भाग उंच धरीत सांगाड्यात तिरपे उतरविताना बोटभर जागाही चुकून चालत नाही. ब्रेकच्या नळ्यांतील हवा काढण्यास तर दोन माणसे लागतात: घरातील कोणीतरी पायटा दाबून धरावयाचा, दुसऱ्याने चाकाजवळील निपल किंचित सैल करून बुडबुडे जाऊ द्यावयाचे, पायटा सुटण्यापूर्वी ते पुन्हा आवळावयाचे, आणि तेलाची धार निखळ होईपर्यंत हा क्रम चारही चाकांशी चालू ठेवावयाचा. येथे उतावीळपणा केला तर त्याचे फळ रस्त्यावर, वेगात असताना भोगावे लागते.

१ एप्रिल १९७३ पासून खरेदीकर जाऊन मूल्यवर्धित कर आला, आणि सुट्या भागांची ती सवलत संपली. त्याच वर्षी ग्रॅहम निअर्न यांच्या केटरहॅमच्या पेढीने सेव्हनचे हक्क घेतले. सवलतीविना हा छंद मावळेल असे कोणासही वाटले असते. पण केटरहॅमच्या मोटारी पुढेही पेट्यांतून घरोघरी जात राहिल्या. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांनी तर अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी याचे पुस्तकच लिहिले. भंगारास लागलेल्या फोर्ड एस्कॉर्टचे इंजिन, गिअरबॉक्स आणि मागला आस घ्यावा, सांगाड्याच्या नळ्या स्वतः कापून स्वतः वेल्ड कराव्यात, असा त्यांचा मार्ग. पेटीचीही गरज त्यांनी उरू दिली नाही.

१९९८ पासून अशा एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी सुरू झाली, आणि २००९ साली ती अधिक कडक झाली. तपासनीस ब्रेक, दिवे, धूर पाहतो, पत्र्याच्या बाहेरील कडा पुरेशा गोलावल्या आहेत की नाहीत याची खातरजमा करतो. आणि हौशी बांधणीसाठी असलेल्या तरतुदींखाली गाडी सादर करावयाची, तर ती आपणच बांधली याचा पुरावा धन्याला द्यावा लागतो; म्हणून गॅरेजातील प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे आणि भागांच्या पावत्या तो पहिल्या नळीपासून जपून ठेवतो.