बाराखडी बोटाच्या टोकावर

‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’. पहिला शब्द विद्यादान करणाऱ्यांसाठी, दुसरा पंगतीचा स्वयंपाक रांधणाऱ्यांसाठी. कागदावर लिहिताना मराठी माणूस हा भेद विनासायास पाळतो. तोच माणूस मोबाइलवर रोमन अक्षरांत मराठी लिहू लागला, की दोन्ही शब्दांचे रूप एक होते आणि बोलावणे नेमके कोणाला आहे, हे वाचणाऱ्याने ताडायचे असते. इतक्या कोट्यवधी लोकांची ही भाषा. पण तिच्या भाषकांपैकी कित्येकजण आजही रोजचा निरोप परक्या लिपीत धाडतात. त्यामागे मराठीविषयीची अनास्था आहे, असे म्हणून हळहळण्याचा प्रघात आहे. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी या प्रश्नाकडे निराळ्या नजरेने पाहिले. दोष लिहिणाऱ्याचा नसून त्याच्या हाती दिलेल्या कळफलकाचा असेल तर?

आयआयटी मुंबईतील ‘आयडीसी’ हे अभिकल्पाचे, म्हणजे डिझाइनचे, केंद्र १९६९ मध्ये स्थापन झाले. विंडोजमुळे घरोघरी पोहोचलेल्या ‘मंगल’ या देवनागरी फॉन्टचे कर्ते, सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी येथेच अध्यापन केले होते. मानवकेंद्री संगणन ही संशोधनशाखाही येथे रुजली. यंत्र काय करू शकते, येथून सुरुवात न करता ते वापरणारा माणूस कोण, त्याला काय ठाऊक आहे आणि तो कोठे अडतो, येथून सुरुवात करणे, हे या शाखेचे मर्म. प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच विचार देवनागरी लेखनाला लावला.

त्याआधी प्रमाण व्यवस्था नव्हती, असे नाही. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ‘इन्स्क्रिप्ट’ हा कळफलक प्रमाण ठरवला. त्याची रचना तर्कशुद्ध आहे: स्वर व मात्रा डाव्या हाताला, व्यंजने मुख्यत्वे उजव्या हाताला, ‘क’च्याच कळीवर शिफ्ट दाबून ‘ख’. सवय झालेला टंकलेखक त्यावर वेगाने लिहितो. परंतु ही सवय होण्यासाठी शिकावे लागते, आणि मोबाइल घेणारा माणूस टंकलेखनाच्या वर्गाला जात नाही. शिवाय दोन हातांची ही विभागणी अंगठ्याने लिहिण्याच्या छोट्या पडद्यावर आली, की तिचे प्रयोजनच संपते.

आयडीसीतील पहिला लक्षणीय प्रयत्न होता ‘कीलेख’ हा संगणकाचा कळफलक. २००४ मध्ये व्हिएन्ना येथील ‘सीएचआय’ या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यावरील निबंध सादर झाला. कल्पना साधी होती. संगणक कधीही न पाहिलेल्या, पण शाळेची पायरी चढलेल्या माणसाला एक गोष्ट पाठ असते, ती म्हणजे वर्णमाला. क-च-ट-त-प हे वर्ग ज्या चौकटीत पाटीवर गिरवले, त्याच चौकटीत कळी मांडल्या, तर अक्षर शोधावे लागणार नाही. या मांडणीत क्वचित लागणाऱ्या ‘ङ’ आणि ‘ञ’ यांनाही ‘र’ आणि ‘त’ यांच्याइतकीच जागा मिळते, हा आक्षेप रास्त आहे. मात्र नवख्याला वेगापेक्षा अक्षर सापडण्याची चिंता अधिक असते.

स्पर्शपडद्याचे फोन आल्यावर हाच धागा पुढे नेत २०१३ मध्ये ‘स्वरचक्र’ हे विनामूल्य ॲप प्रसिद्ध झाले. मराठी, हिंदी, कोकणी, गुजराती अशा अनेक भाषांसाठी त्याच्या आवृत्त्या निघाल्या. पडद्यावर व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने दिसतात. ‘क’वर बोट टेकवले, की त्याभोवती एक चक्र उमटते आणि त्याच्या पाकळ्यांवर क्, का, कि, की, कु, कू असे पर्याय दिसतात. हव्या त्या पाकळीकडे बोट सरकवून उचलले, की अक्षर उमटले. नुसते ‘क’ हवे असेल तर केवळ टिचकी पुरते. थोडक्यात, बाराखडीची संपूर्ण ओळ प्रत्येक व्यंजनाच्या पोटात ठेवलेली आहे.

जोडाक्षरे ही देवनागरीची खरी अडचण. पाय मोडून दुसरे अक्षर जोडायचे, ही क्रिया हातात लेखणी असताना जाणवतही नाही. कळफलकावर मात्र हलन्त नावाची एक अदृश्यवत खूण वेगळी दाबावी लागते आणि अनेकांची गाडी तेथेच अडते. स्वरचक्रात पाय मोडलेले अक्षर ही चक्राचीच एक पाकळी आहे. ती निवडल्यावर पुढे कोणते व्यंजन घेतल्यास कोणते जोडाक्षर होईल, याची झलक कळींवरच दिसते. ‘महाराष्ट्र’ हा शब्द घ्या. इन्स्क्रिप्टवर मात्रा आणि हलन्त धरून दहा कळी दाबाव्या लागतात; स्वरचक्रात म, हा, रा, ष्, ट्, र अशा सहा स्पर्शांत तो पुरा होतो.

गोल मांडणी निव्वळ शोभेची नाही. मेरिलँड विद्यापीठातील संशोधकांनी १९८८ मध्येच उभी यादी आणि गोलाकार यादी यांची तुलना केली होती. गोलाकार यादीतून निवड सुमारे पंधरा टक्के कमी वेळात होते, असे त्यांना आढळले. केंद्रापासून सर्व पर्याय सारख्याच, अगदी थोड्या अंतरावर असतात, आणि पुढेपुढे डोळ्यांऐवजी बोटालाच दिशा लक्षात राहते. ‘की’ कोणत्या बाजूला, हे आठवावे लागत नाही.

यापेक्षाही उद्बोधक ठरले ते मराठी कळफलकांचे तुलनात्मक परीक्षण. शब्द पुरा टंकित होण्याआधीच तो सुचवणारी सोय लेखनाचा वेग वाढवते, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. या गटाने २०१६ मध्ये ‘मोबाइलएचसीआय’ परिषदेत मांडलेल्या निबंधाचे शीर्षकच प्रश्नार्थक होते: मराठी लेखनात या सुचवणीचा खरोखर उपयोग होतो का? उत्तर सुचवणीच्या बाजूने लागले नाही. सुचवलेले शब्द वाचायचे, पारखायचे आणि मग निवडायचे, यालाही वेळ लागतोच. त्यातून मराठीत एका ‘घर’ शब्दाची घरात, घरातून, घराच्या, घरापर्यंत, घरच्यांनाही अशी किती रूपे होतात! इंग्रजीसाठी सोयीची ठरलेली युक्ती मराठीला जशीच्या तशी लागू पडेल, हे गृहीतकच तपासून घ्यायला हवे होते. ते तपासले गेले, हे या अभ्यासाचे मोल.

गटाचे काम लिपीपुरते मर्यादित नाही. अल्पशिक्षितांना नावे न वाचता चित्रे व रंगांच्या आधारे क्रमांक शोधता यावा, म्हणून रचलेली ‘रांगोळी’ ही फोनवही २००८ मध्ये मांडली गेली. एचआयव्हीबाधितांना औषधोपचारात साहाय्य करणारी ‘तमा’ ही ध्वनिसेवा याहून गंभीर प्रश्नाला भिडली. या उपचारात गोळ्यांचा खंड महागात पडतो, कारण विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. भारतातील ५ उपचार केंद्रांतील ५४ रुग्णांनी १२ आठवडे ही सेवा वापरली. साध्या फोनवर येणारा आवाज ऐकण्यासाठी साक्षरता लागत नाही. आणि लेखी संदेश घरातील दुसऱ्या कोणाच्याही दृष्टीस पडू शकतो. ज्या आजाराची वाच्यता होण्याची धास्ती आजारापेक्षा मोठी असते, तेथे हा विचार गौण नव्हे. रुग्णांच्या प्रत्यक्ष जीवनक्रमात ही सेवा चालू शकते आणि औषधे नियमित घेण्यास तिची मदत होते, असा निष्कर्ष २०१४ च्या सीएचआय परिषदेतील निबंधात नोंदवला आहे.

सप्टेंबर २०१७ मध्ये मानव-संगणक आंतरक्रियेवरील ‘इंटरॅक्ट’ ही जागतिक परिषद आयआयटी मुंबईच्या आवारात भरली. भारतात ती प्रथमच होत होती.

दरम्यान फोनला तोंडी मजकूर सांगण्याची सोय आली आणि रोमन अक्षरे दाबून देवनागरी उमटवणारे कळफलकही सर्रास मिळू लागले. व्याख्यान किंवा लांबलचक पत्र तोंडी सांगणे सोयीचे खरे. परंतु लोकलच्या गर्दीत उभे राहून घरची गोष्ट मोठ्याने कोण सांगणार? आणि रोमनमार्गे लिहिणाऱ्याला ‘दर्या’ म्हणजे समुद्र हवा आहे, की ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, याचा यंत्राला अंदाजच बांधावा लागतो. वर्णमालेच्या कळफलकावर हा अंदाज बांधावा लागत नाही. तेथे ‘र’ आणि ‘ऱ’ यांतील निवड लिहिणाऱ्याच्याच बोटाकडे राहते.