शतांश मिलिमीटर सरकायचे कसे?

नागपूर जिल्ह्यात कन्हान नदीच्या काठी खापा हे गाव आहे. हातमागाचे जुने गाव. जवळच गुमगावची मँगनीजची भूमिगत खाण. तिथल्या आमच्या एका शिक्षकमित्राने गेल्या उन्हाळ्यात मोटरसायकलच्या इंजिनाचा सिलिंडर नव्याने बोअर करून घेतला. नवा पिस्टन, नव्या रिंगा, सगळे काही झाले. जेमतेम ४० किलोमीटर गाडी चालली आणि इंजिन जाम झाले. पिस्टनवर उभे ओरखडे पडले होते.

गॅरेजवाल्याने पिस्टन विकणाऱ्याला दोष दिला, पिस्टन विकणाऱ्याने बोअर करणाऱ्याला. बोअर करणारा कारागीर मात्र शांतपणे म्हणाला, "भाऊ, माप तं बरोबरच होतं. मी स्वतः पाह्यलं." तो खोटे बोलत नव्हता. मग चूक कुठे झाली? याचे उत्तर शोधताना आम्हांला शाळेतल्या स्क्रू गेजची आणि पायथागोरसची पुन्हा ओळख करून घ्यावी लागली. तीच इथे मांडतो.

फट किती हवी?

शंभर सीसीच्या अनेक मोटरसायकलींत सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ४९.५ मिलिमीटर असते. (विद्यार्थ्यांनी घनफळ काढून पाहावे, ९७.२ घनसेंटिमीटर येते.) सिलिंडर झिजला की तो थोडा मोठा कापतात आणि त्यात ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटरने मोठा पिस्टन बसवतात. पिस्टन आणि भिंत यांच्यात ठेवायची फट असते व्यासात सुमारे ०.०३ मिलिमीटर. माणसाचा केस याच्या दुप्पट-तिप्पट जाड असतो.

फट इतकी नेमकी का हवी? पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, तर सिलिंडरची भिंत बिडाची. पिस्टनचा मिश्रधातू तापमानाच्या दर अंशाला लाखात सुमारे २ भाग प्रसरण पावतो, बीड सुमारे १.१ भाग. दोघांचेही तापमान ५० अंशांनी वाढले, तर ५० मिलिमीटर व्यासात पिस्टन ०.०५० ने वाढेल आणि सिलिंडर ०.०२७ ने. म्हणजे फटीतले ०.०२ मिलिमीटर प्रसरणातच संपले! (पिस्टनचा माथा याहून जास्त तापतो, म्हणून तो मुळातच थोडा लहान ठेवतात.) फट कमी पडली तर पिस्टन अडकतो, जास्त ठेवली तर पिस्टन खडखडतो, दाब निसटतो आणि इंजिन तेल खाते.

हा प्रश्न आजचा नाही. जेम्स वॅटला वाफेच्या इंजिनाचे पेटंट १७६९ साली मिळाले, पण चांगला सिलिंडर मिळेना. जॉन विल्किन्सनने १७७४ मध्ये तोफांची नळी कापायच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि पुढे सिलिंडरसाठी दोन्ही टोकांना आधार दिलेला भक्कम दांडा वापरला. तेव्हा ५० इंची सिलिंडरमधली चूक जुन्या शिलिंग नाण्याच्या जाडीइतकीच राहते, याचे वॅटचा भागीदार बोल्टन याला केवढे कौतुक वाटले! ती जाडी साधारण मिलिमीटरभर. आज आपल्या गावातली मोटरसायकल याच्या काही टक्के एवढीही चूक सहन करत नाही.

हातोडीची टिचकी

भोक मोठे करताना बोअरिंगच्या दांड्याला एक टूल बसवलेले असते. ते दांड्याबाहेर जितके जास्त येईल तितके भोक मोठे होते. अगदी साधी पद्धत अशी की टूल पकडणारा स्क्रू किंचित सैल करायचा, टूलला हातोडीची टिचकी मारायची आणि स्क्रू पुन्हा आवळायचा. जुने कारागीर यात आश्चर्य वाटावे इतके तरबेज असतात. पण पद्धत बेभरवशाची आहे. स्थिर वस्तूचे घर्षण सरकत्या वस्तूच्या घर्षणापेक्षा जास्त असते. त्यामुळे टूल आधी हलतच नाही, आणि हलले की एकदम उडी मारते. ही उडी बरेचदा आपल्याला हव्या असलेल्या सरकण्यापेक्षा मोठी असते.

म्हणून हवे असते असे साधन, ज्यात हाताची मोठी हालचाल टूलच्या लहान हालचालीत बदलते.

स्क्रू: हालचाल लहान करणारे यंत्र

स्क्रूचा एक पूर्ण फेरा म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांतील अंतर. याला पिच म्हणतात. पिच १ मिलिमीटर असेल आणि डोक्याला १०० भागांची चकती असेल, तर एक भाग म्हणजे ०.०१ मिलिमीटर. स्क्रू गेजचे लघुतम माप ते हेच. विद्यार्थी हे सूत्र पाठ करतात; पण मोजण्यासाठी वापरलेला स्क्रूच कापण्यासाठीही वापरतात, हे त्यांना क्वचितच सांगितले जाते.

इथे एक जुना सापळा आहे. टूल ०.०१ ने बाहेर आले म्हणजे भोकाची त्रिज्या ०.०१ ने वाढली; व्यास वाढला ०.०२ ने. काही यंत्रांच्या चकतीवर त्रिज्येचे आकडे असतात, काहींवर व्यासाचे. अनोळखी यंत्रावर हे न विचारता काम केले की माल वाया जातो. शिवाय जुन्या यंत्रांवर इंचाच्या हजाराव्या भागाची मापे असतात. कारागीर त्याला 'थाऊ' म्हणतात. एक थाऊ म्हणजे सुमारे अडीच शतांश मिलिमीटर.

दुसरी अडचण ढिलाईची. स्क्रू आणि नट यांच्यात थोडी मोकळीक असावीच लागते, नाहीतर स्क्रू फिरणार नाही. त्यामुळे दिशा बदलली की चकती काही भाग नुसतीच फिरते, टूल जागचे हलत नाही. यावर उपाय एकच: खुणेच्या पुढे गेलात तर तेवढेच मागे येऊ नका. चांगले मागे या आणि पुन्हा पुढे येऊन खूण गाठा. म्हणजे आट्यांची एकच बाजू सतत दाबलेली राहते.

आणखी बारीक कसे सरकायचे?

पिच लहान करत गेलो तर आटे नाजूक होतात आणि झिजतात. मग दुसऱ्या युक्त्या लागतात.

पहिली युक्ती फुकटची आहे. लेथवर टूल धरणारी वरची छोटी स्लाइड कोनात फिरवता येते. ती कामाच्या अक्षाशी ५ अंश ४४ मिनिटे एवढा कोन करून बसवली, तर काय होईल? या कोनाचे साइन ०.१ आहे. म्हणजे स्लाइड ०.१० मिलिमीटर सरकवली, तर टूल धातूत ०.०१ मिलिमीटरच शिरते. तोच स्क्रू, तीच चकती, पण बारकावा दहापट! त्रिकोणमितीच्या तासाला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

दुसरी युक्ती भेददर्शी स्क्रूची. एकाच दांड्यावर दोन वेगवेगळ्या पिचचे आटे पाडायचे, दोन्ही उजवे. बाजारात मिळणाऱ्या ८ मिलिमीटरच्या बोल्टची पिच १.२५ असते आणि ६ मिलिमीटरच्या बोल्टची १.००. जाड भाग पक्क्या नटात आहे, आणि बारीक भाग अशा ठोकळ्यात आहे जो फिरू शकत नाही पण सरकू शकतो. एका फेऱ्यात दांडा १.२५ पुढे जातो. त्याच वेळी ठोकळा दांड्यावर १.०० मागे येतो. निव्वळ सरकणे ०.२५. आटे जाड आणि मजबूत, पण परिणाम पाव मिलिमीटर पिचच्या स्क्रूसारखा.

३-४-५ चा त्रिकोण

कारखान्यातल्या बोअरिंगच्या दांड्यात टूलचे एक लहान 'काडतूस' बसवलेले असते. काडतुसावर बाहेरून बारीक आटे, आणि त्यावर खुणांची चकती असलेला नट. काडतूस फिरू नये म्हणून त्याला एक खीळ असते. नट फिरवला की काडतूस आतबाहेर होते. मागून एक स्प्रिंग ते सतत ओढून धरते, म्हणजे ढिलाईचा प्रश्नच उरत नाही.

अशी काडतुसे कधी दांड्याशी काटकोनात बसवतात, कधी तिरकी. तिरकी बसवली की टूलचे टोक दांड्याच्या टोकापुढे येते आणि एका बाजूने बंद असलेल्या भोकाच्या तळापर्यंत पोचते. यासाठीचा प्रचलित कोन आहे ५३ अंश ८ मिनिटे. हा चमत्कारिक आकडा आला कुठून? ३-४-५ बाजूंच्या काटकोन त्रिकोणातला मोठा लघुकोन तो हाच! त्याचे साइन बरोबर ४/५. काडतूस ०.५ मिलिमीटर सरकले, तर त्रिज्येत ०.४ आणि व्यासात ०.८ मिलिमीटर वाढ होते. समजा, पिच ०.५ आहे आणि चकतीवर ४० भाग आहेत. मग एक भाग म्हणजे व्यासात ०.०२. शेजारी १० भागांची व्हर्नियर पट्टी दिली की ०.००२ मिलिमीटरपर्यंत वाचता येते. कारागिराला गणित करावेच लागत नाही. ते चकतीवर आधीच कोरलेले असते.

चकती सरकली; टूल सरकले का?

इथपर्यंत सारे भूमितीचे झाले. पण धातू भूमितीप्रमाणे ताठ नसतो. २० मिलिमीटर जाडीचा पोलादी दांडा ८० मिलिमीटर बाहेर आला आहे आणि टोकावर १०० न्यूटन (सुमारे १० किलोच्या वजनाइतके) बल आहे असे धरा. गणिताने टोक ०.०११ मिलिमीटर मागे रेटले जाते. म्हणजे चकतीवर आपण ०.०१ दिले तर वाकण्यानेच ते खाल्ले. दांड्याची लांबी दुप्पट केली, तर वाकणे दुप्पट नव्हे, आठपट होते, कारण ते लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून जाणता कारागीर दांडा शक्य तितका आखूड धरतो आणि शेवटचे दोन-तीन काप सारख्या खोलीचे घेतो. काप सारखे म्हणजे वाकणेही जवळपास सारखे. मग चकती जितकी सरकते तितकेच माप वाढते.

आणखी एक मर्यादा धातूच्या स्वभावाची आहे. टूलची धार कितीही तीक्ष्ण केली तरी सूक्ष्मदर्शकाखाली ती गोलसरच दिसते. त्या गोलाईच्या मानाने काप फारच उथळ असेल, तर टूल कापत नाही, नुसते घासते. याचे ठळक उदाहरण खाप्याच्या खाणीशी नाते सांगणारे आहे. रॉबर्ट हॅडफील्डने १८८२ मध्ये सुमारे १२ टक्के मँगनीज असलेले पोलाद बनवले. दगड फोडणाऱ्या यंत्रांचे जबडे आणि रेल्वेचे सांधे त्यापासून करतात. हे पोलाद घासले की अधिकच कठीण होते. त्यावर भीतभीत बारीक काप घेणारा फसतो. धिटाईने खोल काप घेणाराच ते कापू शकतो. उलट, थोडे मँगनीज आणि गंधक घातलेल्या पोलादाचा कीस सहज तुटतो आणि टूल सुखाने चालते. तेव्हा बारीक सरकवणे आणि बारीक कापणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या मोटरसायकलचे काय झाले?

सिलिंडर टूलने कापल्यावर शेवटचे काही शतांश घासदगडांनी काढतात. याला होनिंग म्हणतात. या घासण्याने सिलिंडर चांगला तापतो. आमच्या मित्राच्या सिलिंडरचे माप होनिंग संपल्याबरोबर, तो गरम असतानाच घेतले होते. शेजारी ठेवलेला नवा पिस्टन मात्र थंड होता.

सिलिंडर पिस्टनपेक्षा ४० अंशांनी गरम होता असे धरू. ५० मिलिमीटर बिडाचे प्रसरण ०.०२२ मिलिमीटर येते. फट ०.०३ वाचली गेली. सिलिंडर निवल्यावर उरली जेमतेम ०.००८. आम्ही दुसऱ्याच मापाच्या सिलिंडरवर हा प्रयोग मुद्दाम करून पाहिला, तेव्हाही गरम आणि निवलेल्या मापांत असाच फरक पडला. कारागिराचे माप बरोबर होते, पण ते गरम सिलिंडरचे होते. जगभर मापांसाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान ठरले आहे, ते यासाठीच. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत २० कुठून आणायचे? पण सिलिंडर, पिस्टन आणि मापक तिघे एकाच सावलीत तासभर ठेवणे तर जमते. हे समजल्यावर त्या कारागिराने दुसऱ्यांदाचे काम पैसे न घेता करून दिले आणि दुकानात मापे घेण्यासाठी एक वेगळे टेबल मांडले.

वर्गात करून पाहा

८ मिलिमीटरचा एक लांब बोल्ट घ्या. त्याचा नट लाकडी ठोकळ्यात घट्ट बसवा आणि ठोकळा असा टेकवा की बोल्टचे टोक खालच्या सपाट धातूच्या पट्टीवर येईल. बोल्टच्या डोक्याला २० सेंटिमीटर व्यासाची पुठ्ठ्याची चकती चिकटवून तिच्यावर ३६० अंश आखा. शेजारी एक स्थिर काटा उभा करा. बोल्ट आणि पट्टी यांच्यामधून बॅटरी व टॉर्चचा बल्ब जोडा. टोक पट्टीला टेकले की बल्ब लागेल.

आता पट्टीवर दाढीचे ब्लेड सपाट ठेवा. दोन वेळच्या वाचनांतला फरक २९ अंशांच्या आसपास आला, तर ब्लेडची जाडी १.२५ × २९ ÷ ३६०, म्हणजे ०.१ मिलिमीटर. हेच वाचन दहा वेळा घ्या. दहाही आकडे सारखे येणार नाहीत. मग बोल्ट नेहमी एकाच दिशेने फिरवत आणून पुन्हा दहा वेळा घ्या, आणि कोणत्या यादीतले आकडे अधिक जवळजवळ आहेत ते विद्यार्थ्यांनाच ठरवू द्या. शेवटी बोल्ट काही मिनिटे उन्हात ठेवून आणखी एकदा मापा.

लघुतम माप हे सूत्र पाठ असणे सोपे आहे. पण चकतीवर दिसणारा आकडा आणि प्रत्यक्षात कापला गेलेला धातू यांच्यामध्ये घर्षण, ढिलाई, वाकणे आणि उष्णता असे चार पाहुणे बसलेले असतात. त्यांची ओळख ज्या मुलाला शाळेतच झाली, त्याच्या हातून बोअर केलेले इंजिन ४० किलोमीटरवर जाम होणार नाही.