बाबांचं होम थिएटर मोडीत काढू नका

नवा प्लेस्टेशन ५ आला की आमच्या बडोद्याच्या मित्रमंडळींत पहिला बळी जातो तो जुन्या होम थिएटरचा. ‘साउंडबार घेऊ’ म्हणे! आमच्या बाबांनी २००८ साली दिवाळीच्या बोनसमधून घेतलेला सेट अजून ठणठणीत आहे. खेळात मागून गाडी आली की मान आपोआप वळते. ती मजा टीव्हीपुढच्या एका पट्टीत कुठून येणार?

फक्त जुना रिसीव्हर मध्ये घालू नका, चित्र तिथं अडतं. एचडीएमआय १.४ वर ४के चित्र सेकंदाला ३० फ्रेमच्या पुढे जात नाही; हा कन्सोल १२० पर्यंत देतो. म्हणून सोबत आलेली केबल थेट टीव्हीला लावा आणि आवाज टीव्हीतून ऑप्टिकल केबलनं रिसीव्हरकडे न्या.

मेख पुढे आहे. ऑप्टिकलमधून पीसीएमचे दोनच चॅनल जातात, त्यामुळे मागचे स्पीकर मुके राहतात. कन्सोलच्या साउंड सेटिंगमध्ये लिनियर पीसीएमऐवजी डॉल्बी निवडा. टीव्हीचा डिजिटल आउटपुट पासथ्रूवर ठेवा. काही टीव्ही तरीही दोनच चॅनल पुढे सोडतात, तेव्हा केबल घेण्याआधी मॅन्युअल बघा. रिसीव्हरवर एआरसी लिहिलेलं असेल, तर एचडीएमआयनंच आवाज परत येतो आणि ऑप्टिकलचा खर्चही वाचतो.