झाडावर तयार झालेली लस : माल चोख, पण बाजार हुकला

मी कपड्याचा व्यापारी. लसीवर हा काय लिहिणार, असे वाचकांना वाटेल. पण कॅनडातील मेडिकागो या कंपनीची हकीकत वाचली आणि वाटले, हा विषय डॉक्टरांइतकाच व्यापाऱ्यांचाही आहे.

फ्लूची लस बहुतांशी कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून तयार करतात. त्यासाठी अंड्यांची व्यवस्था कित्येक महिने आधी करावी लागते. नवा आजार अचानक आला तर एवढी सवड कुठली? म्हणून झाडालाच कारखाना करण्याची कल्पना निघाली.

मेडिकागो १९९९ साली क्युबेक शहरात सुरू झाली. तिने निवडलेले झाड तंबाखूच्या कुळातले, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. नाव निकोटियाना बेंथामियाना. विषाणूच्या बाहेरील आवरणाचे प्रथिन बनवण्याचा नमुना, म्हणजे जनुक, एका जीवाणूत घालतात. त्या जीवाणूच्या पाण्यात रोपे उलटी बुडवतात आणि पंपाने हवा खेचून घेतात. हवा परत सोडली की पाणी पानाच्या आत शिरते. सूत रंगात नुसते बुडवून भागत नाही, रंग गाभ्यापर्यंत पोचावा लागतो, हे आपल्या रंगरेज भावांना सांगायला नको. काही दिवसांत पाने तोडून त्यांतले प्रथिन काढतात व शुद्ध करतात. हे कण विषाणूसारखे दिसतात, पण आत विषाणूची जनुके नसल्याने आजार होत नाही. शरीर मात्र शत्रूचा चेहरा ओळखून ठेवते.

याच जातीच्या झाडात अमेरिकेतील केंटकी राज्यात इबोलावरचे झेडमॅप हे औषध तयार झाले होते. ती लस नव्हती. २०१४ मध्ये मोजक्या रुग्णांना देताच त्याचा साठा संपला. झाड लवकर वाढते, पण शुद्धीकरणाचे काम आणि खर्च सुटत नाही.

कोरोना आला तेव्हा कॅनडा सरकारने २०२० मध्ये मेडिकागोला १७ कोटी ३० लाख डॉलरपर्यंत मदत जाहीर केली आणि ७ कोटी ६० लाखांपर्यंत डोसांचा करार केला. सुमारे २४ हजार लोकांवर चाचणी झाली; लस सुमारे ७० टक्के परिणामकारक ठरली. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी १८ ते ६४ वयाच्या लोकांसाठी 'कोविफेन्झ' या नावाने तिला मंजुरी मिळाली. माणसासाठी मंजूर झालेली ही जगातील पहिली झाडावरची लस. साध्या फ्रिजमध्ये टिकणारी.

माल चोख होता. अडले ते भागीदारीत. कंपनीत सुमारे एक पंचमांश हिस्सा फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीचा होता. तंबाखू कंपन्यांशी संबंध न ठेवण्याचे जागतिक आरोग्य संघटनेचे धोरण असल्याने मार्च २०२२ मध्ये तिने या लसीला दार बंद केले. संघटनेची मोहोर नाही, म्हणजे गरीब देशांना लस पुरवणाऱ्या मोहिमेचा बाजारही बंद. शिवाय तोवर इतर लसींनी बाजार भरून गेला होता. डिसेंबर २०२२ मध्ये सिगारेट कंपनी बाहेर पडली, पण उशीर झाला होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये जपानी मालक मित्सुबिशी केमिकलने मेडिकागो बंद करण्याचे जाहीर केले. कॅनडा सरकारने आगाऊ दिलेले १५ कोटी डॉलरही बुडाले.

हे वाचताना मला माझीच चूक आठवली. सोळा-सतरा वर्षांपूर्वी शाळेच्या गणवेशाच्या कापडाची मोठी ऑर्डर हाती आली होती. भांडवल कमी पडले म्हणून एका गुटखा व्यापाऱ्याला भागीदार घेतले. बिलावर त्याच्या पेढीचे नाव पाहून संस्थाचालकांनी माल परत केला. कापडात एक गाठ नव्हती, तरी ते दोन वर्षे गोदामात पडून राहिले. व्याज मात्र थांबले नाही.

झाडावर लस करण्याची विद्या खोटी ठरलेली नाही. तो हुन्नर उद्या दुसरा कोणी पुढे नेईल. आपण घ्यायचा धडा साधा आहे. भांडवल घेताना व्याजाचा दर सगळेच विचारतात. पैसा कोणाचा आहे आणि त्याच्या नावामुळे कोणते गिऱ्हाईक दाराबाहेर थांबेल, हेही त्याच वेळी विचारावे. आणि माल कितीही चांगला असो, तो हंगामात पोचला पाहिजे. ईद उलटून गेल्यावर दुकानात आलेल्या कपड्याचा भाव आपल्याला माहीतच आहे.