गोवर आणि एसएसपीई : अभ्यासात मागे पडणारं मूल

आज धरमपेठेतल्या या सभागृहात पालक आणि शिक्षक बरेच दिसताहेत, म्हणून शाळेपासूनच सुरुवात करू. समजा, चौथीतला एक मुलगा आहे. आतापर्यंत सगळं ठीक होतं. सहामाहीत गुण घसरले, अक्षर बिघडलं. सांगितलेलं विसरतो, क्षुल्लक गोष्टीवर चिडतो, जेवताना हातातला पेला सुटतो. शाळा म्हणते लक्ष नाही, घरी मोबाइलला दोष. मग शिकवणी, समुपदेशन, कुठे अंगारा-धुपाराही. यात कोणी मुद्दाम चुकत नाही. बहुतेक मुलांत कारण साधंच निघतं.

पण फार थोड्या मुलांत हा एसएसपीई असतो, म्हणजे सबअक्यूट स्क्लेरोसिंग पॅनएन्सेफलायटिस. लहानपणी गोवर येऊन गेला, आई म्हणते 'अंगावरचं निघून गेलं', पण बदललेला विषाणू मेंदूत मुक्काम करून राहतो आणि बहुधा सहा ते दहा वर्षांनी डोकं वर काढतो. डॉसन यांनी १९३३ मध्ये अशा रुग्णाच्या मेंदूच्या पेशींत विषाणूसारख्या खुणा पाहिल्या. गोवराचाच विषाणू वेगळा काढता आला तो १९६९ मध्ये.

पुढे मान क्षणभर खाली पडते, अंगाला हिसका बसतो. ठरावीक अंतराने, पुन्हा पुन्हा. इथे दुसरी चूक होते. फिट म्हणून औषध सुरू होतं आणि तपास तिथेच थांबतो. एमआरआय तर सुरुवातीला अगदी स्वच्छही येतो. खरी खूण ईईजीत दिसते : काही सेकंदांनी परत येणाऱ्या मोठ्या, संथ लहरी. पाठीतल्या पाण्यात गोवराच्या प्रतिपिंडांचं प्रमाण वाढलेलं सापडलं की निदान पक्कं होतं.

'उपाय नाही, मग निदानाची घाई कशाला?' असं विचारतात. आयसोप्रिनोसिन, इंटरफेरॉन काहींना थोडा वेळ मिळवून देतात, रोग बरा करत नाहीत. तरी तपास हवाच, कारण अशीच सुरुवात विल्सनच्या आजारातही होते, आणि तो वेळेत सापडला तर औषधाने आटोक्यात राहतो.

कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात पाच वर्षांखाली गोवर झालेल्या सुमारे १,३६७ मुलांमागे एकाला एसएसपीई झाला. वर्षाच्या आत झालेल्यांत सुमारे ६०९ मागे एकाला. आपल्याकडे पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत. त्याआधीचं बाळ शेजारपाजारच्या मुलांच्या लसीवरच अवलंबून! २०२२ च्या शेवटी मुंबईत, गोवंडीकडे गोवराची साथ आली होती. त्या साथीत पाळण्यात असलेली मुलं आता शाळेची पायरी चढताहेत. म्हणून असं मूल समोर आलं की आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो : गोवर आला होता का, आणि किती महिन्यांचं असताना?